वॉशिंग्टन स्क्वेअरचे हौशी गायक : १९६१ चा परवान्याचा वाद

रस्त्यावर वा मैदानात गाणाऱ्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण नेहमीच जाणवते. हे गायक स्वतःविषयी क्वचितच काही लिहून ठेवतात. त्यांच्याविषयी लिहितात ते त्यांना कंटाळलेले शेजारी, त्यांना हुसकावणारे पोलीस आणि त्यांचा निवाडा करणारे न्यायाधीश. लंडनमधील रस्त्यांवरच्या संगीतास आळा घालणारा कायदा १८६४ साली संमत झाला. त्याचे पुरस्कर्ते मायकेल बास यांनी त्याच साली या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो बव्हंशी तक्रारींचाच संग्रह आहे. त्यावरून लंडनच्या गृहस्थांची मनःस्थिती समजते; गायकांची समजत नाही. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानात १९६१ च्या वसंतात झालेल्या वादाच्या बाबतीत मात्र सुदैवाने दोन्ही बाजूंची साधने उपलब्ध आहेत. हौशी गायकाचे नगरजीवनातील स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार त्या वादाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

हे उद्यान मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, ग्रिनिच व्हिलेज या वस्तीत आहे. त्याची संगमरवरी कमान आणि मध्यभागीचे कारंजे प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दर रविवारी दुपारी तरुण मंडळी वाद्ये घेऊन या कारंज्याभोवती जमू लागली. गिटार, मँडोलिन, माऊथ ऑर्गन आणि पाच तारांचा बँजो ही त्यांची मुख्य वाद्ये होत. यांपैकी बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काहीजण कपडे धुण्याचा पत्र्याचा टब उपडा ठेवीत, त्याच्या बुडाला दोरी बांधून ती काठीला ताणीत आणि त्यातून खर्जाचा स्वर काढीत. ध्वनिवर्धक कोणाजवळही नसे. त्यामुळे एका कोंडाळ्याचे गाणे दुसऱ्यास फारसे बाधत नसे. एकीकडे दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातील द्रुत लयीचे वादन, दुसरीकडे कामगार-चळवळीची गीते, तर तिसरीकडे हिब्रू गीतांवरील नृत्य, असे एकाच वेळी चाले. मात्र थाळी कोणी फिरवीत नसे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटली, तरी पुढील विवेचनात तीच महत्त्वाची आहे.

न्यूयॉर्कमध्ये थाळी फिरविण्यास त्या वेळी बंदी होती. महापौर लाग्वार्डिया यांनी रस्त्यावरील वादकांचे परवाने १ जानेवारी १९३६ पासून रद्द केले होते. हातपेटी फिरवून पैसे मागणारे वादक वाहतुकीस अडथळा आणतात, त्यांचा व्यवसाय म्हणजे भिक्षेचाच एक प्रकार होय, आणि रेडिओ, ग्रामोफोन व उद्यानांतील विनामूल्य जलसे उपलब्ध असताना त्यांची गरज उरलेली नाही, अशी त्यामागची विचारसरणी होती. अर्थात नगरशासनाच्या लेखी संगीताचे दोनच वर्ग शिल्लक राहिले. एक, शासनाने वा संस्थांनी योजिलेला जलसा. दुसरा, निषिद्ध ठरलेली याचना. स्वतःच्या आनंदासाठी उघड्यावर गाणारा हौशी मनुष्य यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हता. त्याच्यासाठी उद्यान-खात्याच्या परवान्याची वाट काढण्यात आली. परवान्यात रविवारचे ठराविक तास व तंतुवाद्ये यांनाच मुभा असे. ढोल-ताशांच्या जातीच्या वाद्यांना नसे.

ही व्यवस्था गर्दी बेताची होती तोवर निभावली. १९५८ साली किंग्स्टन ट्रिओ या त्रयीने गायिलेल्या एका जुन्या लोकगीताची ध्वनिमुद्रिका देशभर खपली व लोकगीतांचे वेड वाढले. उद्यानात गाणारे वाढले आणि पाहणारे त्याहून अधिक वाढले. आसपासच्या रहिवाशांना रविवारची दुपार असह्य वाटू लागली. त्यांची बाजू सर्वस्वी अनुदार होती असे म्हणता येणार नाही. याच वस्तीतील लोकांनी मोटाररस्त्याच्या योजनेपासून हे उद्यान नेटाने लढून वाचविले होते आणि १९५८ पासून तेथील वाहतूक बंद करविली होती. ज्यांनी उद्यान राखले त्यांचा त्यावर पहिला हक्क, की शहरातील कोणाही नागरिकाचा? गायकांपैकी पुष्कळजण ब्रुकलिन, ब्राँक्स अशा दूरच्या भागांतून येत. तेव्हा ‘स्थानिक’ कोणास म्हणावयाचे, हाच मूळ प्रश्न होता. लोकगीते आणि डावे राजकारण यांच्या संबंधाविषयीचा संशयही त्या काळी सर्वत्र होता. प्रसिद्ध गायक पीट सीगर यांना प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उत्तरे नाकारल्याबद्दल ४ एप्रिल १९६१ रोजी एक वर्षाची शिक्षा फर्माविण्यात आली. ती १९६२ मध्ये रद्द झाली.

उद्यान-आयुक्त न्यूबोल्ड मॉरिस यांनी १९६१ च्या वसंतात परवाना नाकारला. मॅक्डूगल रस्त्यावर १९५७ पासून ‘फोकलोर सेंटर’ नावाचे लोकसंगीताचे दुकान चालविणारे इझी यंग यांनी त्याविरुद्ध रविवार ९ एप्रिल रोजी निदर्शने योजिली. काही शे लोक वाद्यांसह कारंज्यापाशी जमले. पोलिसांनी त्यांना हटविले, धक्काबुक्की झाली आणि दहाजणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाने तीन हजार ‘बीटनिकां’नी दंगल केली असा मथळा दिला. सुदैवाने डॅन ड्रासिन या तरुणाने त्या दुपारचे चित्रण करून ‘संडे’ नावाचा सतरा मिनिटांचा चित्रपट तयार केला. त्यात कोट व गळपट्टे घातलेले अनेक तरुण दिसतात. यंग पोलिसांशी हुज्जत घालतात, पण ती शब्दांनीच. केवळ वृत्तपत्रावर विसंबणाऱ्या संशोधकाने दंगलीचा इतिहास लिहिला असता. चित्रपटही एका बाजूचाच साक्षी आहे हे खरे, पण मथळ्याची अतिशयोक्ती त्याने निर्विवादपणे उघडी पाडली आहे.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा. उद्यानाच्या दक्षिणेकडील जडसन चर्चचे धर्मोपदेशक हॉवर्ड मूडी यांनी गायकांचा पक्ष घेतला. खालच्या न्यायालयात गायकांना यश आले नाही. तथापि मे महिन्यात महापौर वॅग्नर यांनी रविवारच्या मर्यादित तासांत गाण्यास परवानगी दिली, आणि जुलैमध्ये वरिष्ठ न्यायालयाने बंदीविरुद्ध निर्णय दिला.

या विजयाचे मोल ठरविताना त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. १९६१ मध्ये जे मिळाले, ते काही न मागता गाणाऱ्यांना मिळाले. त्यांची हौस हीच त्यांच्या सभ्यतेची ग्वाही ठरली. विद्यार्थी, दुकानदार, धर्मोपदेशक व वकील त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले. पोटासाठी वाजविणाऱ्या हातपेटीवाल्यास १९३६ साली असा आधार लाभला नव्हता. त्याच्यासारख्यांवरील बंदी उठण्यास १९७० साल उजाडावे लागले. गाणे तेच, जागाही तशीच उघडी; परंतु पुढे थाळी आहे की नाही, यावर एकास नागरिक मानले गेले व दुसऱ्यास उपद्रव.

म्हणून या प्रकरणाकडे केवळ तरुणांच्या बंडाचा आरंभ म्हणून पाहणे अपुरे आहे. शहराने कोणाचा आवाज ऐकावयाचा हे आवाजाच्या गोडीवरून क्वचितच ठरते. तो काढणाऱ्याची सामाजिक प्रतिष्ठा आणि त्याच्या बाजूने बोलणारे किती, यांवरून ते बहुधा ठरते. हौशी गायकांनी आपल्यापुरते दार उघडून घेतले. त्याच दारातून थाळीवाल्यास आत येण्यास आणखी नऊ वर्षे लागली, याचीही नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.