दर्जाचा आकडा: पोतदाराच्या कसोटीपासून दहापैकी दहापर्यंत

दक्षिण बेंगळुरातील जयनगर ही स्वतंत्र भारतात आखून वसवलेल्या सुरुवातीच्या मोठ्या वसाहतींपैकी एक. १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला आणि त्या प्रसंगाची खूण म्हणून उभारलेला अशोकस्तंभ आजही रहदारीच्या मध्यभागी उभा आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला टपालखात्याने स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतलेली गांधीजींची चार तिकिटे प्रसिद्ध केली. त्यांतल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या अवघ्या १०० प्रतींवर ‘सर्व्हिस’ हा शब्द उमटवून त्या गव्हर्नर जनरलच्या, म्हणजे राजाजींच्याच, कार्यालयासाठी दिल्या गेल्या. २०१७ मध्ये अशा चार तिकिटांची एक सलग पट्टी इंग्लंडमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. जयनगरात आणि एकूणच बेंगळुरात नाणी, नोटा, तिकिटे, काड्यापेटीवरची चित्रे जमवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. नव्या पिढीतले काही जण आता क्रिकेटची आणि अमेरिकी बेसबॉलची जुनी कार्डेही पाहू लागले आहेत. वस्तू कोणतीही असो, वाद एकच असतो. पैसे मोजायचे ते कशाचे: वस्तूचे, तिच्या दुर्मिळपणाचे, की ती किती कोरी राहिली याचे? हा वाद अमेरिकेतून आपल्याकडे आला असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. त्याचा उगम शोधायला आपल्याला आपल्याच गावगाड्यात जावे लागेल.

बेंगळूर १६३८ च्या सुमारास शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि १६८७ मध्ये तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. त्या काळात आणि पुढे पेशवाईतही दख्खनच्या बाजारात एकच एक चलन असे कधी नव्हते. सोन्याचे होन, पुणे भागातला अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, बागलकोटचा मल्हारशाही रुपया असे कितीतरी प्रकार एकाच पेठेत फिरत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, आणि हातोहात फिरून झालेली झीजही निराळी. म्हणून गावोगावी पोतदार असे. सरकारी वसुलात येणारे नाणे तो पारखी, वाजवून बघे, कसोटीवर घाशी आणि त्यावर किती बट्टा बसेल ते सांगे. जुन्या सालचे किंवा झिजलेले नाणे दर्शनी किमतीला चालत नसे. सराफ तर संशय आला की रुपयाच्या अंगावर छिन्नीची छोटी खूण करून आत तांबे नाही ना हे पाहत. अशा खुणांनी भरलेले रुपये आजही संग्राहकांच्या हाती येतात. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकाच वजनाचा व कसाचा रुपया चालू केला, तेव्हा पोतदाराचे काम हळूहळू संपले. उरले ते आडनाव. पण एकाच जातीच्या दोन वस्तूंची अवस्था पाहून त्यांच्यात भाव ठरवणारा तटस्थ पारखी ही कल्पना आपल्याकडे तेव्हा शेकडो वर्षे रुळलेली होती. फरक एवढाच, की पोतदार धातू किती उरला ते पाही. नाणे देखणे आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

देखणेपणाला भाव आला तो कागदामुळे. १८४० मध्ये इंग्लंडात पहिले टपाल तिकीट निघाले. १८५२ मध्ये बार्टल फ्रिअर यांनी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये ‘सिंध डाक’ ही अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. त्यांतले लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेले होते आणि ते हातात धरताच तडके, म्हणून आज ते इतके विरळ आहे. तिकिटे जमवणाऱ्यांनी हळूहळू छापाचा मध्य, दात्यांचा सारखेपणा, शिक्का कुठे पडला या गोष्टी पाहायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तर तिकिटाच्या पाठीवरचा, अल्बममध्ये लावल्यावर कोणालाही न दिसणारा डिंक अस्पर्श आहे की नाही यावर किमतीत मोठा फरक पडू लागला. आपल्या दमट हवेत डिंक पिवळा पडतो, तिकिटे एकमेकांना चिकटतात. ज्यांनी पावसाळ्यात अल्बम सांभाळले आहेत त्यांना हे सांगायला नको. अस्पर्शतेची ही ओढ तिकिटांपासून सुरू झाली.

आता आपण समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ. १८८० च्या दशकात यंत्राने सिगारेटी वळल्या जाऊ लागल्या आणि नाजूक पाकीट दबू नये म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालण्यात येऊ लागला. त्या तुकड्यावर नट्या, सेनापती, पक्षी आणि खेळाडू छापले गेले. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटीबरोबर बेसबॉलपटूंची छायाचित्रे दिली. इंग्लंडात विल्सने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली. आपल्या रणजितसिंहजींची छबीही अशा कार्डांवरून घरोघर गेली. जेम्स ब्युकॅनन ड्यूक यांच्या अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात जी बेसबॉल मालिका छापली, ती आज सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यात पिट्सबर्गचा होनस वॅग्नर होता. त्याने आपले चित्र मागे घ्यायला लावले. कोणी म्हणतात मुलांनी त्यासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, कोणी म्हणतात त्याला मोबदला मिळाला नाही म्हणून. कारण काहीही असो, ते कार्ड साठच्या आसपासच उरले आहे. ड्यूक यांच्या कंपनीचा आपल्या शहराशी असलेला धागा मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. तिने आणि इंग्लंडच्या इंपीरियल टोबॅकोने मिळून १९०२ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅको स्थापन केली. तिच्याच छत्राखाली १९१० मध्ये कलकत्त्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया निघाली, जी पुढे आयटीसी झाली. आणि १९१३ मध्ये या कंपनीचा सिगारेट कारखाना उभा राहिला तो बेंगळुरात. वॅग्नरचे कार्ड आणि बेंगळूरचा कारखाना अशी ही एका कुळातली दोन अपत्ये आहेत.

कार्डांना शास्त्राची शिस्त लावली ती सिराक्यूस भागातल्या जेफरसन बर्डिक या साध्या कामगाराने. विद्युत उपकरणांच्या कारखान्यात नोकरी, संधिवाताने आखडलेली बोटे, आणि तरीही तीन लाखांहून अधिक छापील कार्डांचा संग्रह. १९३९ मध्ये त्यांनी कार्डांची सूची काढली, जी पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून ओळखली गेली. वॅग्नरच्या मालिकेला आज जगभर ज्या ‘टी-२०६’ नावाने ओळखतात ते त्यांचेच. पुढे त्यांनी सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि वर्षानुवर्षे तिथे बसून एकेक कार्ड स्वतःच्या हाताने अल्बममध्ये चिकटवले. होय, खळ लावून चिकटवले. आजचा दर्जा देणारा तज्ज्ञ त्या पानांकडे पाहून हळहळेल. बर्डिक यांना मात्र कार्ड हे माहितीचे साधन होते, आणि माहिती जागच्या जागी राहावी हीच त्यांची इच्छा होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

दुसऱ्या महायुद्धानंतर तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. १९५२ मध्ये टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी ४०७ बेसबॉल कार्डांची भव्य मालिका काढली. तिच्या शेवटच्या टप्प्यात, ३११ व्या क्रमांकावर, मिकी मँटल होता. तो टप्पा बाजारात उशिरा आला, खपला नाही, आणि १९६० मध्ये बर्गर यांनी उरलेली खोकी गलबतावर लादून समुद्रात बुडवली. मुलांनी घेतलेली कार्डे रबरबँडात आवळली गेली, सायकलच्या आऱ्यांत अडकवली गेली, आयांनी घर झाडताना फेकली. आपल्याकडच्या बिग फन गमबरोबर मिळणाऱ्या, धावा मोजून बक्षीस घ्यायच्या क्रिकेटच्या चित्रांचे ऐंशी-नव्वदच्या दशकांत हेच झाले. ज्या वस्तूवर सर्वांनी प्रेम केले तीच कोरी म्हणून उरली नाही.

याच सुमारास, १९४९ मध्ये, विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० असा मोजपट्टा दिला. नाणे कसेबसे ओळखू येत असेल तर १, टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखे असेल तर ७०; आणि त्यांचा हिशेब असा, की १ दर्जाच्या नाण्याला एक डॉलर पडत असेल तर ७० दर्जाच्याला सत्तर पडावेत. आकडा म्हणजेच भाव. बाजाराने हे गणित लवकरच मोडले, पण आकडा ठेवला. शेल्डन यांनी स्वतः अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्या जागी हलकी ठेवल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले, हेही या मोजपट्ट्याच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. १९८६ मध्ये पीसीजीएस ही संस्था नाणी तपासून, आकडा देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत घालू लागली. १९९१ मध्ये तिच्याच प्रवर्तकांनी कार्डांसाठी पीएसए काढली. मध्य, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग पाहून १ ते १० असा तिचा आकडा. पोतदार आता डबीत शिरला होता.

पीएसएने तपासलेले पहिलेच कार्ड होते टी-२०६ वॅग्नर. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरना लिलावात घेतले होते. त्याला ८ मिळाले. इतक्या जुन्या कार्डाला असा आकडा मिळणे हीच या नव्या संस्थेची जाहिरात ठरली. पुढे ते एका सोडतीत फ्लोरिडातल्या टपाल कर्मचारी महिलेला लागले, पुन्हा विकले गेले आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरपर्यंत पोचले. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात कबूल केले, की ग्रेट्स्कींकडे जाण्याआधी आपण त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. आकडा ज्या कडांवर बेतला त्याच कात्रीने घडवलेल्या होत्या. तरी बाजार थांबला नाही. २०२२ मध्ये ९.५ दर्जाचा १९५२ चा मँटल १ कोटी २६ लाख डॉलरना गेला, त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपये. त्याच वर्षी केवळ २ दर्जाचा एक झिजलेला वॅग्नर ७२ लाख ५० हजार डॉलरना गेला. हे दोन व्यवहार शेजारी ठेवले, की कोरेपणाला पैसे मोजणाऱ्यांना आणि दुर्मिळपणाला मोजणाऱ्यांना, दोन्ही बाजूंना आपापला पुरावा सापडतो.

आज बेंगळुरात हे सगळे रस्ते येऊन मिळतात. रिझवान रझाक यांनी २०२० मध्ये इथे भारतीय कागदी चलनाचे संग्रहालय उघडले; मरुधर आर्ट्ससारख्या लिलावगृहांच्या यादीत डबीबंद नाणी आणि नोटा आकड्यासह छापून येतात. ‘यूएनसी (न वापरलेले, कोरे) आहे का?’ ‘स्लॅब (बंद डबी) कोणाचा?’ हे प्रश्न आता कन्नड, तमिळ, मराठी बोलण्यात सारखेच ऐकू येतात. आकड्याच्या बाजूचे म्हणणे खरे आहे: नकली माल ओळखायला आणि दुरून खरेदी करायला तिसऱ्या माणसाची ग्वाही लागते. पण तोच आकडा आपण आपल्या शिवराईवर, मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर, बसवू पाहतो तेव्हा तो हुकतो. ती तांब्याची चकती हाताने कापलेली, ठसा बहुधा तिच्याहून मोठा. म्हणून एका बाजूला ‘श्री राजा शिव’ मधली काही अक्षरेच बसतात आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ अर्धे कडेबाहेर जाते. मध्य साधलेला नाही म्हणून तिला कमी गुण देणे म्हणजे तिच्या घडणीलाच दोष देणे. सराफाच्या खुणेला कॅटलॉगवाले इजा म्हणतात. मी तिला दाखला म्हणेन. कारखान्यातून सारख्या निघालेल्या कार्डांना कोपऱ्यांची कसोटी शोभते, हाताने पाडलेल्या नाण्याला अक्षरे, वजन आणि ते कुठून आले याची कसोटी हवी.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. घरातल्या जुन्या डब्यात काळपट पडलेली शिवराई सापडली, तर देव्हाऱ्यातल्या भांड्यांबरोबर तिला चिंच लावून घासू नका. दोनशे-तीनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तो थर गेला की परत येत नाही, आणि घासलेले नाणे कोणताही जाणता संग्राहक लगेच ओळखतो. ती कोणाकडून आली, कुठल्या गावची, घरात कधीपासून आहे, हे एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी तिच्याबरोबरच ठेवा.