बेचिराख गांवाची पांढरी

ज्या गांवांत दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं, त्यास आपल्याकडील जुन्या दप्तरांत बेचिराख म्हटलेलें आढळतें. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायरमधील खडूच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी नांवाचें असेंच एक गांव आहे. गवताखालीं घरांचे चौथरे, मधली वाट आणि परसांच्या हद्दी दबून राहिल्या आहेत; ऊन कललें म्हणजे सावल्यांनीं साऱ्या गांवाचा नकाशा जमिनीवर उमटतो.

मॉरिस बेरेस्फर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक १९४८ सालीं प्रथम तेथें गेले. १९५० त उत्खनन सुरू झालें. लवकरच जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि दर उन्हाळ्यांत कांहीं आठवडे या क्रमानें काम १९९० पर्यंत चाललें. राजवाडा नाहीं, रत्नांची पेटी नाहीं. एका खेड्यासाठीं चाळीस वर्षें!

भिंती हलक्या खडूच्या दगडाच्या व पुनःपुन्हां बांधलेल्या दिसल्या. त्यावरून, कुळांच्या झोपड्या दर पिढीस कोसळत व नव्या उभ्या राहत, असें प्रथम ठरलें. १९८९ मध्यें स्टुअर्ट रॅथमेल यांनीं हें मत उलटविलें. छपराचा भार भिंतींवर नव्हताच; तो बांकदार लांकडांच्या जोड्यांनीं जमिनीपासून आढ्यापर्यंत पेलला होता. भिंत बदलली तरी घर तेंच राही. शेतकऱ्याला दरिद्री ठरविण्याची घाई विद्वानांसही होते, ती अशी. घरांतील भुई तर रोजच्या झाडण्यानें मध्यें बशीसारखी खोलगट झाली होती. घरांत वस्तु थोड्या सांपडल्या, कारण केरकचरा उकिरड्यावर जाई व तेथून खतासमवेत शेतांत पडे. काळीचा आणि पांढरीचा हा संबंध आपल्या शेतकऱ्यास वेगळा समजावून सांगावयास नको.

सेंट मार्टिनच्या चर्चभोंवतालच्या दफनभूमींत सुमारें ७०० सांगाडे मिळाले. तान्ह्या मुलांच्या हाडांवरून त्यांना सुमारें दीड वर्षापर्यंत आईचें दूध मिळे, असें दिसून आलें. अकराव्या शतकाच्या आसपासच्या एका प्रौढ पुरुषाच्या कवटीस जबर मार बसला होता; कोणीतरी तेथील हाड काढून जखम मोकळी केली होती आणि ती भरूनही आली होती. त्या वैद्याचें नांव कोठें नाहीं, पण हात बरा होता एवढें हाडच सांगतें.

गांव ओस कां पडलें? लोकसमज असा कीं, १३४९ च्या महामारीनें. महामारीनें माणसें नेलीं हें खरें. गांवचे एक जमीनदार वॉल्टर डी हेस्लर्टन हेही त्याच वर्षीं वारले. परंतु १३६८ मध्यें सुमारें ३० घरें पुन्हां नांदतीं होतीं. गांवाचा खरा काळ ठरली ती मेंढी. लोंकरीला भाव होता, नांगरास मजुरी पडे, मेंढ्यांना एक धनगर पुरे. १५१७ च्या सरकारी चौकशींत, जमीनदार बॅरन हिल्टन यांनीं येथील चार घरें पाडलीं आणि चार नांगर बंद केले, अशी नोंद झाली. नोंद एका ओळीची. ज्यांचीं घरें पाडलीं, त्यांचें पुढें काय झालें याची नोंद कोणी केली नाहीं. शेतांचे जुने सरीवरंबे गवताखालीं तसेच राहिले आणि त्यांवर मेंढ्या चरूं लागल्या.

चर्च मात्र उभें राहिलें. तें पॅरिशचें, म्हणजे आसपासच्या पांच वस्त्यांचें मिळून एक होतें. त्यामुळें गांव गेल्यावरही थिक्सेंडेल येथील लोक टेकडी ओलांडून लग्नास, बारशास आणि प्रेतें पुरावयास तेथेंच येत. १८७० च्या सुमारास त्यांच्या गांवीं स्वतःचें चर्च झालें व ती वाट मोडली. १९५९ मध्यें बुरुजाचा मोठा भाग ढासळला. आज छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, खालच्या तळ्यांत पाणी आहे आणि कुळांच्या चौथऱ्यांवर गवत आहे.