संकलकाचा पडदा : प्रयोगशाळेकडून टेबलाकडे

प्रस्तावना

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ येथे छत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना अशा छत्रांत अन्न आणि निवारा मिळत असे. समजा, तुमच्या वर्गाने या मुक्तांबाळ छत्रावर दहा मिनिटांचा माहितीपट करायचे ठरवले. भर दुपारी चित्रण झाले. बाहेर लख्ख ऊन, आत खांबांमागे दाट सावली. संकलन करताना लॅपटॉपवर सावलीतला दगड नीट दिसेना, म्हणून तुम्ही चित्र थोडे उजळले. महाविद्यालयाच्या सभागृहात तेच चित्र धुरकट दिसले, मित्राच्या फोनवर दगड निळसर झाला आणि घरच्या टीव्हीवर तो पिवळा पडला.

यांपैकी खरे चित्र कोणते? नवा, महागडा मॉनिटर घेऊन या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळत नाही. चित्र बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी आधी कोणाकडे होती आणि ती संकलकाकडे कशी आली, हे समजले की मॉनिटर कसा निवडावा आणि बिघाड कसा शोधावा, हेही समजते. या पाठात आपण तोच इतिहास पाहणार आहोत.

१. फिल्मचा काळ : रंग प्रयोगशाळेचे, कात्री संकलकाची

फिल्मचे संकलन सुरुवातीला हातात पट्टी धरून, उजेडासमोर चौकटी पाहून होत असे. १९२४ मध्ये अमेरिकेत आयव्हान सेर्रुरियर यांनी मुव्हिओला हे यंत्र संकलनासाठी आणले. फिल्म चालती ठेवून ती लहानशा काचेतून पाहण्याची सोय त्यात होती. पुढे जर्मनीतील स्टीनबेकसारखी आडवी टेबले आली. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील कित्येक तुकड्या अशाच टेबलांवर संकलन शिकल्या.

या यंत्रांचा पडदा अंधुक आणि छोटा असे, पण त्याने कामाचे नुकसान होत नसे. संकलकाला त्यावर हालचाल, नजर, ओठांची जुळणी आणि कापण्याची नेमकी चौकट एवढेच पाहायचे असे. तो वर्कप्रिंट, म्हणजे कामापुरती काढलेली प्रत, वापरी. रंग आणि उजेड ठरत प्रयोगशाळेत. मुंबईतील फिल्म सेंटर, चेन्नईतील प्रसाद आणि जेमिनी या प्रयोगशाळांमधील ग्रेडर प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरवा व निळा प्रकाश किती द्यायचा याचे आकडे ठरवीत. मग प्रिंट निघे आणि ती मोठ्या पडद्यावर तपासली जाई.

या व्यवस्थेची दुसरी बाजू प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटात दिसते. व्ही. शांताराम यांनी तो रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्यासाठीची प्रक्रिया जर्मनीत करून घेतली, पण मनासारखे रंग आले नाहीत. चित्र घेताना रंग पाहण्याचे साधनच हाताशी नव्हते. रंग दिसत ते प्रिंट निघाल्यावर, आणि तोवर चित्रण आटोपलेले असे. म्हणजे फिल्मच्या काळात चित्राचा न्याय उशिरा होई. मात्र न्याय करणारी जागा ठरलेली होती आणि ती जाणकारांच्या हाती होती.

२. दूरदर्शनचा काळ : मॉनिटर हेच मोजमाप

भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि मद्रास केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये स्वातंत्र्यदिनाचे प्रक्षेपण आणि नंतर दिल्लीतील आशियाई खेळ यांमुळे रंग घराघरांत पोचला. आपण स्वीकारलेली पाल पद्धत ६२५ ओळींची, सेकंदाला २५ चौकटींची होती. प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांत विभागलेली असे. आधी एकाआड एक ओळी रंगवल्या जात आणि मग उरलेल्या. या अर्धचित्रांना फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड हा आकडा आपल्या विजेच्या ५० हर्ट्झशी जुळणारा आहे.

व्हिडिओ टेप आली आणि प्रयोगशाळा मधून निघून गेली. कॅमेऱ्यातून निघालेला सिग्नल टेपवर, टेपवरून संकलन कक्षात आणि तिथून थेट प्रक्षेपणाकडे जाऊ लागला. आता न्याय करायचा तो कक्षातल्या मॉनिटरने. म्हणून दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी मॉनिटरला मोजमापाचे उपकरण मानले. त्याच्या शेजारी दोन यंत्रे असत. वेव्हफॉर्म मॉनिटर उजेडाची पातळी दाखवी आणि व्हेक्टरस्कोप रंगाची दिशा व तीव्रता दाखवी. दिवसाचे काम रंगपट्ट्यांनी, म्हणजे कलर बार्सनी, सुरू होई.

ब्राइटनेस लावण्यासाठी बीबीसीत तयार झालेला प्लूज हा नमुना आजही उपयोगी आहे. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर दोन पट्ट्या असतात, एक काळ्याहून किंचित गडद आणि दुसरी किंचित उजळ. ब्राइटनेस असा लावायचा की गडद पट्टी पार्श्वभूमीत विरून जाईल आणि उजळ पट्टी जेमतेम दिसेल. रंगाची तीव्रता लावताना मॉनिटरचे ‘ब्लू ओन्ली’ बटण दाबायचे. मग पांढरी, आकाशी, जांभळट आणि निळी या चारही पट्ट्या सारख्याच उजळ दिसल्या पाहिजेत. डोळ्याच्या आवडीनिवडीला या पद्धतीत जागाच ठेवलेली नाही.

३. संगणक टेबलावर येतो

१९८९ मध्ये अ‍ॅव्हिडची संगणकावर संकलन करण्याची प्रणाली आली, १९९१ मध्ये प्रीमियर आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो. टेप पुढेमागे फिरवण्याचा त्रास संपला. कोणताही शॉट क्षणात हाती येऊ लागला आणि मोठ्या शहराबाहेरही संकलनाची दुकाने निघाली. लग्नाचे व्हिडिओ, स्थानिक केबल वाहिन्या, माहितीपट ही सगळी कामे तालुक्याच्या गावी होऊ लागली. ही मोठीच उपलब्धी होती.

पण यात एक गोष्ट निसटली. संगणकाचा पडदा कार्यालयीन कामासाठी, अक्षरे वाचण्यासाठी बनवलेला होता. संगणकाच्या जगाने १९९० च्या दशकात एसआरजीबी हे स्वतःचे मानक ठरवले. दूरचित्रवाणीचे एचडी मानक, बीटी ७०९, १९९० सालचे. दोघांचे मूळ रंग सारखे आहेत, पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड चढण्याची वक्ररेषा, जिला गॅमा म्हणतात, वेगळी आहे. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये ही वक्ररेषा ट्यूबच्या भौतिक गुणधर्मातूनच येई, त्यामुळे ती मानकात लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. ट्यूबची जागा एलसीडीने घेतली आणि प्रश्न उभा राहिला. २०११ मध्ये बीटी १८८६ या मानकाने संदर्भ पडद्यासाठी २.४ हा घातांक निश्चित केला. म्हणजे आजचा सपाट पडदा गेलेल्या ट्यूबचे वागणे मुद्दाम उसने घेतो.

तर जबाबदारी आधी प्रयोगशाळेकडे होती, मग अभियंत्याकडे गेली आणि शेवटी एकट्या संकलकाकडे आली. पण त्या जबाबदारीसोबत असलेली तपासणीची शिस्त मात्र वाटेतच राहिली. ओरत्तनाडुचा दगड तीन पडद्यांवर तीन रंगांचा दिसतो, याचे मूळ कारण हे आहे.

४. मॉनिटर निवडताना

पहिला प्रश्न किमतीचा नाही, तर काम कुठे दाखवायचे आहे हा आहे. टीव्ही आणि नेहमीच्या ऑनलाइन व्हिडिओसाठी बीटी ७०९ चे रंग, डी६५ हा पांढरा आणि २.४ गॅमा ही बैठक धरावी. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्याची उजळी १०० निटच्या आसपास ठेवतात. एचडीआरचे मानक बीटी २१०० (२०१६) वेगळे आहे आणि त्यासाठीचा संदर्भ मॉनिटर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. अशा कामाची मागणी नसताना त्यामागे लागू नये.

दुसरा मुद्दा पॅनेलचा. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाही. टीएन पॅनेल मान हलवली की बदलते, म्हणून ते टाळावे. ओएलईडीचा काळा खरोखर काळा असतो. २०११ पासून सोनीचे संदर्भ मॉनिटर या तंत्राने येऊ लागले. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. आकाशासारख्या सलग छटेत हा फरक दिसतो.

तिसरा मुद्दा सिग्नलचा. ग्राफिक्स कार्डातून येणारे चित्र संगणकाच्या रंगव्यवस्थेतून गाळून येते. डेकलिंकसारखे व्हिडिओ कार्ड हा मार्ग टाळून थेट सिग्नल देते. पैसे कमी असतील, तर दोन साधे पडदे घेण्याऐवजी एक बरा आयपीएस पडदा घ्यावा आणि रंगमापक यंत्र वर्गाने मिळून घ्यावे. खोलीतील भिंत करडी आणि दिवा स्थिर असावा. खिडकीतून ऊन येत असेल, तर कोणताही मॉनिटर खोटेच बोलेल.

५. बिघाड शोधताना

नियम एकच : साखळीतली एका वेळी एकच कडी बदला. फाइल, सॉफ्टवेअर, कार्ड, केबल, मॉनिटर या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरीवर रंगपट्ट्या पाहा.

काळा भाग राखाडी दिसतो किंवा सावलीतले सगळे एकदम काळे होते : डिजिटल व्हिडिओत ८ बिटला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणक मात्र ० ते २५५ वापरतो. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी मर्यादा लावलेली असेल, तर हा दोष येतो. चित्र उजळून तो झाकू नका, सेटिंग जुळवा.

जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रावर चित्र फार उजळ किंवा फार मंद : तारेच्या शेवटी ७५ ओहमचे टर्मिनेशन हवे. ते नसेल तर सिग्नल जवळजवळ दुप्पट होतो, दोनदा लागले तर दोन तृतीयांशावर येतो.

पडद्यावर आडवा पट्टा सावकाश सरकतो : बहुतेक वेळा दोन यंत्रे वेगवेगळ्या जागी अर्थिंग केलेली असतात. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर जोडून पाहा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीवाला धोका आहे.

कॅमेरा फिरताना चित्र अडखळते : २५ चौकटींचे चित्र ६० हर्ट्झच्या पडद्यावर समान वाटता येत नाही. एक चौकट दोनदा, दुसरी तीनदा दिसते. पडदा ५० हर्ट्झवर लावून पाहा. झटके गेले तर फाइल निर्दोष आहे.

दिवसभरात रंग आपोआप बदलतो : आपोआप ब्राइटनेस, नाइट मोड आणि टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा.

६. जुन्या टेपांचा प्रश्न

वरील चुका नव्या चित्रात दुरुस्त करता येतात, कारण मूळ फाइल हाती असते. जुन्या टेपांचे तसे नाही. तंजावर परिसरातील एखाद्या मराठी घरातली लग्नाची व्हीएचएस टेप घ्या. तिच्यात आजीची मराठी आहे, जी तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून तमिळच्या शेजारी वाढली. टेप झिजत जाते आणि ती चालवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. कदाचित ती एकदाच नीट चालेल.

अशा वेळी टाइम बेस करेक्टर जोडून ओळींची थरथर काढावी. ७२० बाय ५७६ चे पूर्ण चित्र घ्यावे आणि दोन्ही फील्ड जसेच्या तसे ठेवावेत. संगणकाच्या पडद्यावर कडा कंगव्यासारख्या दिसतील. तो टेपचा दोष नाही, सपाट पडदा दोन क्षण एकदम दाखवतो एवढेच. तो कंगवा घालवण्यासाठी मूळ प्रतीतच फील्ड एकत्र केले, तर अर्धी हालचाल कायमची जाते. फील्डचा क्रमही तपासा. पाल डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, इतर बहुतेक प्रकारांत वरचे. क्रम उलटला तर माणसे पुढेमागे थरथरतात. सुधारणा नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा.

सारांश

फिल्मच्या काळात रंगाचा निर्णय प्रयोगशाळा घेई, व्हिडिओच्या काळात मोजमापाने लावलेला मॉनिटर. संगणकाने तो निर्णय संकलकाच्या टेबलावर आणला. मॉनिटर निवडणे म्हणजे कोणत्या मानकाशी बांधील राहायचे ते ठरवणे, आणि बिघाड शोधणे म्हणजे ते बंधन साखळीत नेमके कुठे तुटले ते पाहणे. डोळा हळूहळू कोणत्याही रंगाला सरावतो, म्हणून आधी पट्ट्या पाहा, मग चित्र.

स्वाध्याय

१. मुव्हिओलाचा अंधुक पडदा संकलकाला का चालत होता? आजच्या संकलकाला तो का चालणार नाही?
२. ट्यूब गेल्यानंतर गॅमाचे मानक वेगळे लिहावे का लागले?
३. तुमच्या महाविद्यालयातील एका पडद्यावर रंगपट्ट्या आणि प्लूज दाखवा. दिसलेले दोष साखळीतील कोणत्या कडीचे आहेत ते क्रमाने शोधून नोंदवा.
४. घरातील एखाद्या जुन्या टेपचे डिजिटलीकरण करताना कोणत्या गोष्टी बदलायच्या नाहीत, याची यादी करा.