मूलपेशी

मूलपेशी म्हणजे विशिष्ट कार्यासाठी अद्याप घडलेली नसलेली पेशी होय. ती विभाजनाने स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करते, तसेच गरजेनुसार रक्त, त्वचा, स्नायू इत्यादींच्या विशिष्ट पेशींत रूपांतरित होऊ शकते. मूलपेशी प्राणी व वनस्पती या दोहोंत आढळतात. मात्र नाव एक असले तरी आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे उपयोग भिन्न आहेत.

मानवी मूलपेशींचे प्रकार

भ्रूणीय मूलपेशी सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणापासून मिळतात आणि त्यांपासून शरीरातील सर्व प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणीय मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या मिळवताना भ्रूण नष्ट होत असल्याने त्यांच्या वापरावर नैतिक आक्षेप घेतले जातात.

प्रौढ मूलपेशी अस्थिमज्जा, त्वचा, आतड्याचे अस्तर इत्यादी ठिकाणी असतात. त्यांची रूपांतरक्षमता मर्यादित असते.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पक्व पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखी अवस्था प्राप्त करून दिली. यामानाका व जॉन गर्डन यांना २०१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

उपचारांतील उपयोग

रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हा या क्षेत्रातील सर्वांत प्रस्थापित उपचार होय. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया इत्यादी विकारांत तो केला जातो. मूलपेशी अस्थिमज्जेतून, रक्तातून किंवा नवजात बालकाच्या नाळेतील रक्तातून घेतात. दाता व रुग्ण यांच्या ऊती जुळणे महत्त्वाचे असते. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता साधारणतः चारांत एक असते. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

वनस्पतींतील मूलपेशी

वनस्पतींच्या मूलपेशी मुळांच्या व खोडांच्या अग्रभागी असलेल्या विभाजी ऊतींत, तसेच खोडाची जाडी वाढवणाऱ्या ऊतींत असतात. त्यांमुळे वृक्ष शेकडो वर्षे वाढत राहू शकतो. विभाजी ऊतींच्या याच क्षमतेवर केळीच्या ऊतीसंवर्धित रोपांची निर्मिती आधारलेली आहे. जळगाव जिल्ह्यात अशा रोपांची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. औषधनिर्मितीतही वनस्पतिपेशींचे संवर्धन उपयोगी पडते. टॅक्सस वृक्षाच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध मिळवले जाते.

गैरसमज व नियमन

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत वनस्पतींच्या मूलपेशींचा उल्लेख आढळतो. अशा मलमांत सामान्यतः संवर्धित पेशींचा अर्क असतो, जिवंत पेशी नसतात. वनस्पतीची मूलपेशी मानवी पेशीत रूपांतरित होत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य विकारांसाठी केलेले रक्तोत्पादक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे इतर वापर प्रायोगिक मानले गेले. असे वापर संमत वैद्यकीय चाचणीतच करता येतात आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी शुल्क घेणे अपेक्षित नाही. त्यामुळे मेंदूचे व मज्जारज्जूचे विकार, स्वमग्नता इत्यादींवर हमखास गुण येईल असे सांगून पैसे घेऊन केले जाणारे मूलपेशी उपचार या चौकटीत बसत नाहीत.