शब्दवेध : चिकाटी

‘चीक’, ‘चिकट’, ‘चिकटणे’ यांच्याच कुळातला शब्द ‘चिकाटी’. झाडातून पाझरतो तो चीक. धरलेले काम न सोडण्याचा गुण ती चिकाटी. वर्ध्याची काळी माती पावसात पायाला चिकटते. वाफसा येईपर्यंत डवरणी खोळंबते; शेतकरी थांबतो, शेत सोडत नाही.

अशीच चिकाटी विनोबा भावे यांची. सप्टेंबर १९५१मध्ये ते वर्ध्याजवळच्या पवनारहून दिल्लीकडे पायी निघाले. भूमिहीनांसाठी १९५७पर्यंत पाच कोटी एकर जमीन दान, म्हणजे भूदान, मिळवण्याचे लक्ष्य हुकले. तरी पदयात्रा चालू राहिली, भर ग्रामदानावर, म्हणजे गावच्या गाव दान मिळवण्यावर, आला आणि १९६४मध्ये विनोबा पवनारला परतले. हट्टाला एकच वाट दिसते. चिकाटी काम धरून ठेवते, वाट मात्र बदलू शकते.