खोकरीचे घुमट : एका दर्यासारंगाची कबर

मंडळी, सरकारी अंमलदाराचं नाव मागे राहण्याचे प्रकार अनेक. आपल्या माथेरानात १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चढून आले, तर त्यांच्या नावाचा झराच झाला. आज मात्र कबरींबद्दल बोलायचंय.

नाईलकाठी आस्वानला हारखुफ नावाच्या राजअधिकाऱ्याची कबर आहे, सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची. दक्षिणेकडच्या याम देशात तो चारदा जाऊन आला. शेवटच्या खेपेला त्यानं एक बुटका नर्तक सोबत आणला. राजा दुसरा पेपी तेव्हा पोरवयातला. त्यानं पत्र धाडलं, की त्या नर्तकाला जपा, रात्रीतून दहादा उठून बघा. हारखुफनं ते पत्र कबरीच्या दर्शनी भिंतीवर कोरून घेतलं. साहेबाचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावतात ना, तसंच!

आता आपल्याच जिल्ह्यातलं खोकरी. मुरुडजवळ दगडी घुमटांच्या तीन कबरी आहेत. मोठी सिद्दी सुरूलखानाची, शेजारच्या दोन खैरियतखान आणि सिद्दी कासीम ऊर्फ याकूतखान यांच्या. कमानी, दगडी जाळ्या, भौमितिक नक्षी. माणसांची चित्रं अर्थातच नाहीत.

सिद्दी म्हणजे हबशी, मूळचे आफ्रिकेतले. हारखुफ ज्या दिशेला जायचा, त्याच्याही पलीकडचे. याकूत म्हणजे माणिक. हा औरंगजेबाच्या दरबारचा किताब. १६७०च्या सुमारास फत्तेखान जंजिरा शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा संबळ, कासीम आणि खैरियत यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची आरमारी चाकरी धरली. पुढे होळीच्या रात्री कासीमनं दंडाराजपुरी परत घेतली. १६८९ मध्ये तर तो थेट मुंबईत उतरला. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. त्यांनी बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये भरले, तेव्हा कुठे १६९०च्या जूनमध्ये सिद्दी हलला.

या पराक्रमाचा हिशेब कबरीवर शोधू नका. तिथे नाव आहे आणि मृत्यूची तारीख, हिजरी १११८. बाकीचं खाफीखान सांगतो, इंग्रजांची पत्रं सांगतात, आणि आपली मराठी साधनं सांगतात, ज्यांत तो शत्रू आहे. शत्रू तो होताच. कोकणातल्या रयतेनं सिद्द्यांची लूट सोसली, माणसं धरून नेलेली पाहिली. ज्यांचे पूर्वज स्वतः गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आले, त्यांनीच हे करावं, हे मला फार अस्वस्थ करतं. पण म्हणून खोकरीला न जाणं मला पटत नाही. हारखुफचं आपण त्याच्याच तोंडून ऐकतो. याकूतखानाचं बहुतेक परक्यांच्या तोंडून. मग निदान त्यानं मागे ठेवलेला दगड तरी नीट बघायला हवा.

एक साम्य मात्र गमतीचं आहे. इजिप्तमध्ये कबरीच्या नैवेद्यासाठी जमीन लावून देत, तिच्या उत्पन्नावर पुजारी नेमत. सुरूलखानाच्या कबरीच्या खर्चालाही सावली-मिठागर हे गाव इनाम होतं. दुसऱ्या दोघांसाठी आणखी एक गाव. त्या उत्पन्नातून कबरींपाशी कुराणपठण चाले आणि पुण्यतिथी होई. १८८३चं कुलाबा गॅझेटियर ही नोंद करतं, तेव्हा जंजिऱ्याचे नवाब त्या कबरींची डागडुजीही करत होते.