साबणाचा साचा आणि न ओळखलेला शोध

१/५
सन १९६९. अमेरिकेतील सिल्व्हेनिया कंपनीच्या तीन संशोधकांनी अतिशय हलकी सिलिका बनवण्याच्या कृतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९७१ मध्ये पेटंट मिळाले. त्यात भुकटीच्या हलकेपणाची नोंद होती. तिच्या अंतर्रचनेची नव्हती.

२/५
१९९२. खनिज तेलाचे मोठे रेणू झिओलाइटच्या जेमतेम एक नॅनोमीटरच्या छिद्रांत शिरत नसत. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी ‘एमसीएम-४१’ जाहीर केले : छिद्रे १.६ ते १० नॅनोमीटर, पृष्ठफळ ग्रॅममागे ७०० चौरस मीटरहून अधिक.

३/५
युक्ती ओतारी कारागिराच्या मेणाच्या साच्यासारखी. साबणासारख्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाणी टाळते. पाण्यात ते एकवटून कांड्या बनतात. त्यांच्याभोवती सिलिका घट्ट होते. भट्टीत रेणू जळून जातात आणि मधाच्या पोळ्यासारखी पोकळ्यांची रांग उरते.

४/५
टोकियोच्या वासेदा विद्यापीठात कुरोदा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच थरयुक्त सिलिकेटपासून अशीच सच्छिद्र सिलिका मिळवली होती. १९९८ मध्ये सांता बार्बरा येथील संशोधकांनी बहुवारिकांचे साचे वापरून टायटेनिया, झिर्कोनिया अशा धातूंच्या ऑक्साइडांनाही हे रूप दिले.

५/५
दरम्यान, १९९७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ते जुने पेटंट उघडून कृती तंतोतंत केली. हाती आले ते एमसीएम-४१ सारखेच द्रव्य! पदार्थ दोन दशके आधीच घडला होता. मोबिलने मात्र त्याची छिद्रे मोजली, दाखवली आणि ती कशी घडतात हे सांगितले. म्हणून इतिहासाने शोधाचे वर्ष १९९२ धरले.